ग्रंथपाल वर्गात शिकवायला आले, तर देवघेवीच्या खिडकीवर कोण बसणार?

संदर्भासहित (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात पीएच.डी. कोर्सवर्कचा एक तास घ्यायला विद्यापीठात गेले होते. समोर २८ जण. सुरुवातीलाच विचारलं, "तुमच्या विषयावर आधी कुणी प्रबंध लिहिलाय का, हे कुठे बघितलंत?" निम्मे गूगल म्हणाले, तिघे चॅटजीपीटी. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळाचं नाव ७ जणांना माहीत होतं, पण त्यातल्या ४ जणांच्या मते ती प्रबंध जमा करायची जागा. तिथे जाऊन दुसऱ्यांचे प्रबंध उघडून वाचता येतात, तेही फुकट, याचा त्यांना पत्ताच नव्हता. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) बंधनकारक केलं २००९ साली. समोरची काही मुलं तेव्हा दुसरी-तिसरीत असतील.

मुलांचा राग नाही आला. आपण आणून ठेवतो खूप आणि ते उघडून दाखवत नाही, याचा आला. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे सरकारी शिक्षणसंस्थांसाठी संशोधन-नियतकालिकांची एकच सामाईक वर्गणी, मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिकं. १ जानेवारी २०२५पासून ते सुरूही झालं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने काय केलं? संकेतस्थळावर धावती पट्टी लावली. ती अजून धावतेय.

माझं म्हणणं असं की ग्रंथालयातला माणूस वर्गात यायला हवा. वर्षारंभीच्या स्वागत समारंभाला नव्हे, विषयाच्या तासाला. पीएच.डी.ला 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन क्रेडिटचा पेपर २०१९च्या अखेरीपासून सक्तीचा आहे आणि त्यात डेटाबेसचा, म्हणजे लेख शोधायच्या ऑनलाइन साठ्यांचा, एक अख्खा घटक आहे. तो आमच्यासारखे विषय-शिक्षक पुस्तकातून वाचून शिकवतात, म्हणजे पोहण्यावर व्याख्यान देतात. तो ग्रंथालयाने शिकवावा. आणि प्रत्येक पेपरची वाचनयादी ग्रंथालयाच्या पानावर असावी, दुव्यांसकट, घरून उघडेल अशी.

१२ ऑगस्टला आपण डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं पहिलं 'पुस्तकं वापरासाठी असतात' आणि चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा'. हार घालणाऱ्यांनी यातलं एक तरी पाळावं.

कुणाला पटत नसेल तर जरूर लिहा.

---

दाखल क्रमांक

मॅडम, नाही पटलं. आणि मी हार घालणाऱ्यांपैकीच, म्हणून थोडं लागलंही.

२२ वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. कुठल्या ते राहू द्या. आमच्याकडे मंजूर जागांपैकी निम्म्या रिकाम्या. जो निवृत्त होतो त्याची खुर्ची तेवढी राहते, माणूस येत नाही. देवघेवीच्या दोन खिडक्या होत्या, आता एक. त्याच खिडकीवरचा माणूस दुपारी ना-देय दाखले लिहितो, संध्याकाळी नॅकच्या (विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या) फायलीसाठी 'किती वाचक आले'चे तक्ते भरतो आणि मार्चमध्ये साठा पडताळणीला रॅकमध्ये उभा असतो. यात वर्गात कोण येणार? मी आलो तर खिडकीवर पाटी लावावी लागेल, 'शिकवायला गेलो आहे'.

आणि आम्ही केलं नाही असंही नाही. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक विभागाला पत्र पाठवलं: एक तास द्या, डेटाबेस दाखवतो. १४ विभागांना पत्र, ५ जणांचं उत्तर. त्यातल्या दोघांनी ज्या दिवशी त्यांचा तास बुडणार होता तोच दिला. मुलं समोर बसवली आणि प्राध्यापक चहाला गेले. प्राध्यापकच उठून गेल्यावर मुलांना काय कळायचं ते कळतं.

सध्या आमच्याकडून जी 'अध्यापनाला मदत' होते ती सांगू? संशोधक प्रबंध घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, तेवढं १० टक्क्यांच्या आत आणून द्या." २०१८च्या यूजीसी नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, एवढं सगळ्यांना पाठ आहे. ग्रंथालय म्हणजे टक्का काढायची गिरणी झालीय. पीठ बारीक पाहिजे की जाड, एवढंच विचारायचं बाकी.

---

खिडकीजवळची खुर्ची

मी वेगळंच सांगतो, रागावू नका. आम्ही जे रोज सकाळी साडेसातला रांगेत उभे असतो त्यांना वाचनयादीही नको आणि डेटाबेसही नको. खुर्ची पाहिजे, पंखा पाहिजे, प्लग पॉइंट पाहिजे आणि रात्री अकरापर्यंत दार उघडं पाहिजे. एमपीएससीची तयारी करतोय. पेठेतल्या खासगी अभ्यासिकेत महिन्याला पैसे मोजावे लागतात, ते घरून मागवायची आता लाज वाटते. विद्यापीठाचा विद्यार्थी आहे तर बसू द्या ना.

तुम्ही ऑनलाइन सेवा सुधारा म्हणता आणि साहेब लोक ऐकतात ते असं: 'सगळं ऑनलाइन झालं, आता वाचनकक्षाची वेळ कमी करू.' आमच्याकडे असं झालंय. संध्याकाळचे दोन तास गेले आणि त्याच आठवड्यात नवीन ॲपचं उद्घाटन.

---

सरळसोट

धागाकर्तीचं सगळं गृहीतकच चुकीचं. पोरांना शोधगंगा माहीत नाही म्हणून ग्रंथपाल वर्गात पाठवायचा? यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ आहे. ज्याला गरज आहे तो शोधतो, ज्याला नाही त्याला हाताला धरून नेलं तरी तो परत येताना मोबाइलच बघणार.

आणि ६,००० कोटींचं एवढं कौतुक कशाला? करदात्याच्या पैशातून संशोधन करायचं, लेख परदेशी प्रकाशकाला फुकट द्यायचा, दुसऱ्याचा लेख फुकटात तपासून द्यायचा आणि मग तेच लेख वाचायला पुन्हा करदात्याचेच पैसे भरायचे. आपलीच म्हैस, आपलाच चारा आणि दूध बाजारभावाने! यात ग्रंथालयाची भूमिका हमालाची. त्यापेक्षा सरकारने मुक्त नियतकालिकांवर खर्च करावा. पोरं सायहब या पैसे न घेता लेख देणाऱ्या साइटवरून लेख घेत आली, तीन मोठ्या प्रकाशकांनी २०२०च्या डिसेंबरात त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ग्रंथालय खरंच उपयोगी असतं तर पोरं तिकडे का गेली असती?

---

संदर्भासहित

@सरळसोट, म्हशीचं पटलं, अगदी पटलं. पण चारा घालून झालाय. दूध काढायलाही कुणी जात नाही, हा माझा मुद्दा. प्रकाशकांविरुद्ध लढू, पण तोवर पैसे भरलेल्या गोष्टी वापरू तरी.

आणि 'ज्याला गरज आहे तो शोधतो' हे तुम्हाआम्हाला सोपं. आमचं कॉलेज तालुक्याचं. एका मुलीला मी नियतकालिकाचा लेख काढायला सांगितला, तर तिने प्रकाशकाच्या पानावर जाऊन किंमत बघितली: ३५ डॉलर. तिला वाटलं, असे लेख आपल्यासाठी नसतातच. तिने मला विचारलंसुद्धा नाही. गरज होती, शोधलंही होतं आणि तरी दारातून परत गेली. या अशा मुलीला यूट्यूबवर नेमका कुठला शब्द टाइप करायचा, हे कोण सांगणार?

@दाखल क्रमांक, चहाचं वाचून मान खाली गेली. आमच्यातले लोक असं करतात, मीही एकदा केलंय.

---

दाखल क्रमांक

मोकळेपणाने कबूल केलंत, बरं वाटलं.

सरळसोट साहेबांसाठी एक अनुभव. गेल्या दीड-दोन वर्षांत खिडकीवर नवीन प्रकारची चिठ्ठी यायला लागलीय. लेखकाचं नाव बरोबर, नियतकालिक बरोबर, वर्ष-अंक-पानं सगळं व्यवस्थित, आणि असा लेखच अस्तित्वात नाही. चॅटबॉटने रचलेला. पहिल्या वेळी मी तो अंक बांधील खंडातून काढला आणि अर्धा तास घालवला, वाटलं माझ्याच डोळ्यांना दिसत नाहीये. आता पाहिल्याबरोबर कळतं. गंमत म्हणजे पोरगा माझ्यावरच नाराज: "सर, तुमच्याकडे नसेल, पण लेख आहे."

यूट्यूब पुरे असं तुम्ही म्हणता, तर हे कुठल्या व्हिडिओत कळणार ते सांगा.

---

सरळसोट

हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. असे प्रकार पकडणं हे गाइडचं काम. गाइड संदर्भसूची वाचतच नाहीत, तर त्याचा भार ग्रंथालयाने का उचलायचा? ज्याचं काम त्याने करावं. एकाने केलं नाही की दुसऱ्यावर टाकायचं आणि त्याला 'सेवा-सुधारणा' म्हणायचं, हा आपला जुना धंदा.

---

अर्धविराम

सगळे इंग्रजी डेटाबेसवर भांडताय, म्हणून मध्ये पडते. मी मराठीत पीएच.डी. करतेय. १३,००० नियतकालिकांमध्ये माझ्या कामाचं जे आहे ते बोटांवर मोजण्याइतकं. माझं सगळं काम जुनी मराठी पुस्तकं, अंक, पुस्तिका आणि आधीचे मराठी प्रबंध यांवर. तिथे 'ऑनलाइन सेवा' म्हणजे काय चालतं, ते ऐका.

शोधगंगेवरचे जुने मराठी प्रबंध उघडतात. डोळ्यांनी छान वाचता येतात. पण त्यात एखादा शब्द शोधून दाखवा! बहुतेक डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, युनिकोड नव्हे. ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिवडा. म्हणजे संगणकाच्या लेखी त्या फायलीत मराठी नाहीच. बाकीचे स्कॅन करून चढवलेले, ती तर नुसती चित्रं. ४०० पानांच्या प्रबंधात एक गावाचं नाव शोधायला ४०० पानं उलटायची. ते मी करतेही, पण मग याला डिजिटल का म्हणायचं?

ओपॅकची, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगची, कथा आणखी वेगळी. माझ्या विद्यापीठात मराठी पुस्तकांच्या निम्म्या नोंदी देवनागरीत, निम्म्या रोमनमध्ये. ज्या काळात ज्याने नोंद केली त्याच्या मनासारखं स्पेलिंग. देवनागरीतही सुख नाही. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' दोन प्रकारांनी टाइप होतो: एक टिंबाच्या 'ऱ'ने, दुसरा साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. आपल्या डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगवेगळे शब्द. नोंद करणाऱ्याने एक वापरला, मी दुसरा टाइप केला, की उत्तर: 'एकही नोंद सापडली नाही.' आणि विद्यार्थी काय समजतो? पुस्तक नाही. पुस्तक तिसऱ्या मजल्यावर धूळ खात असतं.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर रांगोळी काढली होती. मला आनंद झाला होता, खोटं नाही बोलत. पण 'ऱ्य'चा प्रश्न रांगोळीच्या आधी होता, नंतरही आहे.

म्हणून धागाकर्तीला: वर्गात या, जरूर या, पण आधी नोंदी दुरुस्त करा. जे सापडतच नाही ते सापडवायचं कसं, हे शिकवून काय उपयोग?

---

संत्र्याचं साल

अर्धविराम यांच्याशी सहमत. आमच्या काळी कार्डांचा कॅटलॉग होता नं, लाकडी खणांचा, त्यात स्पेलिंगचा घोळ होताच. पण खणाशेजारी एक बाबूजी बसत. त्यांना सांगायचं, "निळ्या पुठ्ठ्याचं, शेतीवरचं, मागच्या वर्षी इथंच होतं", की ते उठून आणून द्यायचे. आता संगणक आले, बाबूजी निवृत्त झाले.

खिडकीजवळच्या खुर्चीला उत्तर: बेटा, तुझी गरज खरी आहे, पण ती ग्रंथालयाची नाही, हॉलची गरज आहे. विद्यापीठाने हॉल बांधावा, दिवे लावावे, रात्रभर उघडा ठेवावा. ग्रंथालयात सगळे स्वतःचीच पुस्तकं घेऊन बसले अन् रॅकमधलं एकही पुस्तक हललं नाही, तर नॅकच्या तक्त्यात वाचक वाढतात अन् वाचन तेवढंच राहतं.

---

खिडकीजवळची खुर्ची

काका, हॉल बांधला की सांगा, मी पहिला उठतो. आमच्यासाठी कुणी हॉल बांधत नाही म्हणून आम्ही ग्रंथालयात बसतो. आणि रॅकमधलं पुस्तक हलवायला गेलो होतो एकदा. अर्थव्यवस्थेचं हवं होतं, सापडलं ते २०११च्या आवृत्तीचं.

---

बर्फातला कोकणी

मी अमेरिकेत एका विद्यापीठात शिकवतो, विषय सांख्यिकी. मूळ रत्नागिरीचा. इथली पद्धत सांगतो, कौतुक म्हणून नाही, माहिती म्हणून.

प्रत्येक विभागाला नेमून दिलेला ग्रंथपाल असतो. सत्र सुरू होण्याआधी त्याची ईमेल येते: या वेळी कुठली पुस्तकं लावताय? ती पुस्तकं मग काउंटरमागे वेगळी ठेवतात आणि दोन-तीन तासांपुरतीच देतात, म्हणजे एकानेच महिनाभर दाबून ठेवायचा प्रश्न नाही. माझ्या एका तासाला ग्रंथपाल येतो, माझ्याच असाइनमेंटवर मुलांकडून शोध करून घेतो. मी तेव्हा वर्गातच असतो. (चहा इथे तसाही पिण्यासारखा मिळत नाही.)

अर्धविराम यांना एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकं कुठून आली माहितीये? आपल्याला गहू विकला, त्याचे रुपयांत मिळालेले पैसे पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली साठले, त्यातून १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं गोळा करून इथल्या विद्यापीठांना पाठवली. आणि आज तुम्ही-आम्ही मोल्सवर्थचा १८५७चा कोश किंवा दाते-कर्वे यांचा शब्दकोश फुकट बघतो तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या पानावर. इथे मराठी बोलणारा दुर्मीळ, पण मराठी शब्द शोधायची सोय एका विद्यापीठाने केली. आपल्या विद्यापीठांना हे का जमू नये?

---

सरळसोट

का जमू नये याचं उत्तर: गहू आपण विकला नव्हता, विकत घेतला होता.

---

दाखल क्रमांक

सरळसोट साहेब, हे मात्र बरोबर बोललात.

कोकणी साहेब, तुमच्या विभागाला नेमलेला ग्रंथपाल असतो. आमच्याकडे एका माणसाला १४ विभाग नेमावे लागतील. ईमेल पाठवीन, पण 'कुठली पुस्तकं लावताय'चं उत्तर सत्र संपताना येतं, 'मागच्या वर्षीचीच'. तेही आलं तर.

मोल्सवर्थ आम्हीही रोज तिथेच बघतो. आमची छापील प्रत बांधणीला गेलीय.

---

संदर्भासहित

घरून उघडण्याच्या मुद्द्याकडे परत येते, तो मागे पडतोय. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ग्रंथालयाने विकत घेतलेल्या सगळ्या गोष्टी एका रात्रीत बंद पडल्या. कारण त्या फक्त कॅम्पसच्या इंटरनेटवर उघडत. यातलं तांत्रिक कुणी सोपं करून सांगेल?

---

दाखल क्रमांक

सांगतो, हे माझंच काम होतं.

प्रकाशक ओळखतो माणसाला नाही, इमारतीला. कॅम्पसच्या इंटरनेट जोडणीचे ठरावीक आयपी पत्ते प्रकाशकाकडे नोंदवलेले असतात. त्या पत्त्यावरून विनंती गेली की दार उघडं. तुम्ही घरी मोबाइलच्या डेटावर असलात की तुम्ही कुणीच नाही, मग तो ३५ डॉलर दाखवतो. यावर उपाय म्हणजे माणसाची ओळख पटवायची. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राची 'इन्फेड' ही व्यवस्था तेच करते: विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्याला लॉगिन देतं, विद्यार्थी घरून त्या लॉगिनने आत येतो, प्रकाशकाला फक्त 'हा आमचाच' एवढा निरोप जातो. पुणेकरांना अभिमानासाठी: हे इन्फ्लिबनेट १९९१मध्ये सुरू झालं ते पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या छत्राखाली. आता गांधीनगरला आहे.

मग अडतं कुठे? लॉगिन द्यायला विद्यार्थ्यांची अद्ययावत यादी लागते. ती यादी परीक्षा विभागाकडे. परीक्षा विभाग म्हणतो, पात्रता विभागाकडे मागा. पात्रता विभाग म्हणतो, अर्ज करा. यादी हातात येईपर्यंत निम्मी बॅच पास होऊन बाहेर. तंत्राला दोन दिवस लागतात, यादीला दोन सत्रं. वर्गात येऊन मी काय शिकवू? 'लॉगिन आलं की असं करा'?

---

संदर्भासहित

हे माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं ग्रंथालयच ढिलं.

आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांचं आणखी एक आहे. वन नेशनच्या घोषणेतले शब्द 'केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील' उच्च शिक्षण संस्था असे आहेत. आमचं कॉलेज अनुदानित, पण व्यवस्थापन शिक्षण संस्थेचं. महाराष्ट्रात संस्थांनी चालवलेली कॉलेजंच जास्त. त्यातल्या अनुदानित कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही इन्फ्लिबनेटची वेगळी वर्गणी आहे: वर्षाला ५,००० रुपये आणि वर जीएसटी, त्यात ६,०००हून अधिक नियतकालिकं आणि दोन लाखांच्या आसपास ई-पुस्तकं. गॅदरिंगच्या मंडपाला याहून जास्त खर्च होतो. एवढ्या पैशात आलेली वस्तू, आणि आमच्या स्टाफरूममध्ये मी धरून तिघांनी पासवर्ड घेतलाय. विद्यार्थ्यांना तर तो घेता येतो हेच माहीत नाही.

दुसरं एक विचारायचं होतं. मी पाच-सहा पुस्तकांतली एकेक प्रकरणं स्कॅन करून मुलांच्या गूगल क्लासरूमवर टाकायला ग्रंथालयाकडे मागितली. कॉपीराइट म्हणून नाही म्हणाले. मग मुलं गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्याच्याकडे आख्खं पुस्तक तयार होतं, स्पायरल बाइंडिंगसकट.

---

बर्फातला कोकणी

यावर दिल्लीचा निकाल आहे ना? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२मध्ये दावा लावला. सप्टेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिक्षणाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा भंग नाही, आणि 'शिक्षणाचा ओघ' म्हणजे वर्गातला तासभर एवढाच नव्हे. डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठानेही कलमाचा तो अर्थ मुळात कायम ठेवला.

---

दाखल क्रमांक

निकाल वाचलाय. पण तो खटला छापील संचांचा होता. क्लासरूमवर टाकलेली पीडीएफ अर्ध्या तासात टेलिग्रामवर जाते. उद्या प्रकाशकाची नोटीस आली तर ती कुणाच्या नावे येईल? न्यायमूर्ती माझ्या बाजूने असतील, पण माझी वेतनवाढ कुलसचिवांच्या हातात आहे.

---

संत्र्याचं साल

म्हणजे कायदा परवानगी देतो, अन् ग्रंथालय घाबरते, अन् झेरॉक्सवाला कमावते. वा रे बाप्पा.

---

संदर्भासहित

दाखल क्रमांक, भीती समजते. पण मग विद्यापीठाच्या विधी विभागाकडून एकदा लेखी घ्या ना, अमुक इतकी पानं, फक्त नोंदणी केलेल्या वर्गाला, सत्र संपलं की काढून टाकायची. लेखी असलं की तुम्हीही सुटलात. तुम्ही प्रत्येक गोष्टीला अडचण सांगताय आणि दर वेळी ती खरी निघतेय, हे मान्य. पण कुणी वर्गात येऊन ३५ डॉलरवाल्या मुलीला सांगितलं नाही तर यातली एकही अडचण वर कळणार नाही. यादी मिळत नाही म्हणून ग्रंथालय ओरडलं तर एक पत्र. लॉगिन मिळत नाही म्हणून ३०० मुलं ओरडली तर यादी दोन दिवसांत येईल. आधी मागणी तयार करायला हवी, आणि ती शिकवूनच होते.

---

सरळसोट

३०० मुलं हॉल तिकिटासाठी ओरडतात, निकालासाठी ओरडतात. डेटाबेससाठी ओरडलेली मुलं मला दाखवा, मी माझा प्रतिसाद मागे घेतो.

---

दाखल क्रमांक

अर्धविराम, एक विचारतो. तुम्ही 'सापडत नाही' म्हणालात ते नक्की काय शोधताय? विषय सांगा. तुमच्या विद्यापीठाचं ओपॅक बाहेरून उघडत असेल तर घरून बघतो. रात्री जेवण झाल्यावर दुसरं काय करतो.

---

अर्धविराम

व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) दुवा पाठवलाय. चरीच्या शेतकरी संपावरची एक छोटी पुस्तिका. अलिबागजवळचं चरी, १९३३ ते १९३९ चाललेला संप, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा. आमच्या सरांनी ती याच ग्रंथालयात विद्यार्थीदशेत वाचलेली. मी देवनागरीत शोधलं, रोमनमध्ये शोधलं, 'शेतकरी'ची सगळी स्पेलिंगं घालून झाली. तीन महिने. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, ओपॅकमध्ये नाही म्हणजे नाही.

---

दाखल क्रमांक

आहे.

'चरी' तुम्ही सी-एच-ए-आर-आय टाइप केलं असणार. नोंद जुन्या लिप्यंतराच्या नियमाने केलीय, त्यात 'च'ला नुसता सी असतो, 'छ'ला सी-एच. त्यामुळे सी-ए-आर-आय. 'संप'सुद्धा शेवटी ए लावून. एच काढा, लगेच येईल. दाखल क्रमांक आणि वर्गांक व्यनि केलाय. वर्गांकावरून तिसरा मजला नसावा, संदर्भ विभागाच्या मागच्या खोलीत बघायला सांगा. आणि 'ओपॅकमध्ये नाही म्हणजे नाही' असं ज्याने सांगितलं, त्याच्यावर रागावू नका. नवीन असेल, कंत्राटी असेल, त्याला हा नियम कुणी सांगितला नसेल.

---

अर्धविराम

मिळाली!! ४८ पानं, पिवळी पडलेली, पण शाबूत. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९८चा. तीन महिने एका 'एच'साठी घालवले. काउंटरवरच्या मुलालाही दाखवलं, त्याने वहीत लिहून घेतलं.

---

संदर्भासहित

दाखल क्रमांक, कोर्सवर्कचा माझा पुढचा तास आहे. त्या २८ जणांना हे 'सी' आणि 'सी-एच' दाखवायला ऑनलाइन याल का? तासभरच.

---

दाखल क्रमांक

वार कुठला?

---

संदर्भासहित

शनिवार, दुपारी तीन.

---

दाखल क्रमांक

मग जमेल. शनिवारी दुपारनंतर खिडकी बंदच असते. फक्त तुम्ही चहाला जायचं नाही.